दुसरा रिमोट

खेळ मला कधी आलाच नाही.
पहिला रिमोट उन्मेषचा. दुसऱ्याचं बटण रुतलेलं,
तो माझा.
"थांब, मी मेलो की तू," म्हणायचा,
आणि मरायचा नाही.
मे महिन्याच्या दुपारी, दांडिया बाजारातल्या मधल्या खोलीत,
मंगळ बाजारातून आणलेली पिवळी कॅसेट
फुंकर मारून बसवायची,
आणि मी भिंतीला पाठ टेकून ऐकत राहायचे
तिसऱ्या पातळीवरची गुहा:
वर टिपटिप, खाली धुपधुप,
मधे एक सूर, जो कुणाचाच नव्हता.

तीनच आवाज होते त्या डब्यात.
हे कळायला तीस वर्षं गेली, आणि कळलं ते
फतेगंजला, खोरशेदबाईंच्या पियानोवर
(मधली एक पट्टी, शुद्ध गंधाराची,
दाबली की वर येत नाही; बोटानं उचलावी लागते).
एकावर एक सूर रचायला जागाच नव्हती बिचाऱ्याकडे,
म्हणून लिहिणाऱ्यानं सूर पळवले,
एकामागे एक,
तीनशे वर्षांपूर्वी चर्चमधले ऑर्गनवाले पळवायचे तसे.
म्हणजे फ्यूग त्या गुहेत आधीपासून होताच.
मी फक्त झाडून-पुसून काढायचा.

असं वाटलं.
मग बसले. प्रतापनगरच्या कचेरीतून सुटल्यावर,
गुरुवारी, जमलं तर रविवारी.
डाव्या हातानं एक बोलणं सुरू करायचं,
उजव्यानं ते अर्ध्यात तोडून तेच
पाच सूर वरून बोलायचं,
आणि भांडण दिसता कामा नये.
दोन सूर गळ्यात गळा घालून निघाले
की बाई चष्म्यावरून:
"आ बे साथे साथे केम चाले छे? छूटा पाड."
मी छूटे पाडते.
कागद तिथे खोडून खोडून झिरझिरीत झालाय.

नाण्यांची किणकिण मुरकीत बसली.
उडीचा तो ट्युंग मात्र बसेना. तीन आठवडे.
शेवटी खर्जातला एकच षड्ज, लांबच लांब,
विटेसारखा त्याच्याखाली सरकवला,
तेव्हा उभा राहिला.

बाई विचारतात, यात चाललंय काय?
एक चौकोनी माणूस पळतोय.
कुठे?
उजवीकडे.
कशाला?
ते उन्मेषला ठाऊक.

अडलं ते शेवटाशी.
त्या चालीला शेवटच नव्हता.
अडतीस सेकंदांनी पुन्हा दाराशी यायची,
जणू काही झालंच नाही.
थांबायची ती लाइफ संपल्या म्हणून,
नाहीतर काकूनं मेन स्विच पाडला म्हणून,
नाहीतर जीईबीची लाइट गेली म्हणून.
मग पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा,
आणि आम्ही दोघं तो विझेपर्यंत बघायचो.
तेवढंच काय ते बरोबरीनं खेळलो.

बरोकमध्ये असं वाऱ्यावर सोडता येत नाही.
पंचमावरून षड्जावर,
चपला काढून, घरात.

उन्मेषला फोन केला. ऑकलंडला तेव्हा मध्यरात्र.
तिसरी पातळी आठवते? तिथलं गाणं?
"गाणं होतं?"
खड्ड्यांकडेच लक्ष असायचं म्हणे त्याचं.
बरं, गुहेच्या पुढे काय होतं रे?
बराच वेळ काही नाही. मग हसला.
"कुणाला माहीत. पुढे गेलो की मी मरायचो,
आणि मग तुझी पाळी.
म्हणून तिथेच फिरत राहायचो."

मी फोन ठेवला.
कागद उलटा केला, पहिल्या ओळीपासून.
सुरुवात डाव्या हाताला दिली.

सगळीभर गंधार कोमल. गुहेचा तोच होता,
आणि ती पट्टी टाळायलाही बराच.
काल शेवटच्या मात्रेत तो खोडला,
शुद्ध लिहिला.
वाजवून बघ, म्हणाल्या.
वाजवला.
पट्टी खाली गेली ती रुतून बसली,
बाकीची बोटं उचलली तरी
तो एक सूर उघडाच राहिला,
बारीक होत, अजून आहे, अजून.
फतेगंजचे हॉर्न बाहेर होते, ते होतेच.
बाईंचं बोट पट्टीकडे निघालं.

थांबा, म्हटलं.